ययातीची उधारी

दिवाळी अंकात सुखाविरुद्ध बोलणे हे तसे शिष्टाचाराला सोडून आहे. १९०९ साली ज्या मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, त्याचे नावच मुळी 'मनोरंजन' होते. ज्या परंपरेचा जन्म असा रंजनाच्या पोटी झाला, तिच्या पानांवर कोणी उपासतापासाचे गोडवे गाऊ लागला, तर वाचकाने खुशाल पान उलटावे. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो : सुख वाईट असते, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. करंजीचे सारण जमून आले, पहाटेच्या गारव्यात उटणे लावून घेताना पोरे खिदळली, ह्याबद्दल कोणत्याही ऋषीची क्षमा मागण्याचे कारण नाही.

पण ह्याच चार दिवसांत आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या चोपड्या पूजेला मांडतो आणि पाडव्याला नवे खाते उघडतो. रोषणाई आणि हिशेब ही दोन्ही आपल्या वाडवडिलांनी एकाच सणात बसवली, ह्यात मोठे शहाणपण आहे असे मला वाटते. सुख हा आयुष्याचा एक भाग असणे वेगळे, आणि सुख मिळवीत राहणे हाच आयुष्याचा धर्म होऊन बसणे वेगळे. ह्या दुसऱ्या जगण्याची नीती तपासायची, तर चोपडीच उघडायला हवी. किती सुख घेतले हा त्या चोपडीतला पहिला रकाना. ते कोणाच्या नावावर मांडले, हा दुसरा.

मराठीत हा प्रश्न ज्या एका पुस्तकाने घराघरांत नेला ते पुस्तक म्हणजे वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६० चा साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला, आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले तेव्हा मराठीला मिळालेले ते पहिलेच ज्ञानपीठ होते. एवढा मान मिळालेल्या पुस्तकाचे एक दुर्दैव असते. ते न वाचताच लोकांना पाठ होते. 'ययाति' म्हणजे काय, असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले असते : भोगाने तृप्ती होत नाही, आगीत तूप ओतावे तशी वासना वाढतच जाते. हे तात्पर्य खोटे नाही. महाभारताच्या आदिपर्वात खुद्द ययातीच्याच तोंडी ते आहे. परंतु कादंबरी पुन्हा एकदा सावकाश वाचली, की हे तात्पर्य तिच्या मानाने फार लहान वाटू लागते.

तृप्ती होत नाही, हा काही सुखाचा मोठासा गुन्हा नव्हे. भूकही रोज लागते. म्हणून कोणी जेवणाला दोष देत नाही. ययातीचा दोष तृप्ती न होण्यात असता, तर तो केवळ एक दुर्दैवी माणूस ठरला असता. त्याची कीव करून आपण मोकळे झालो असतो. कादंबरी वाचताना आपल्याला त्याची कीव येते आणि रागही येतो. तो राग कशाचा, हे नीट पाहिले पाहिजे.

खांडेकरांनी ही कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ह्या तिघांच्या निवेदनांतून सांगितली आहे. हस्तिनापूरचा हा राजपुत्र जन्मतः दुष्ट नाही. तो हळवा आहे, सौंदर्यावर लुब्ध होणारा आहे, एकाकी आहे. नहुषाच्या मुलांना सुख लाभणार नाही, ह्या शापाची सावली त्याच्यावर आहे. त्याच्या तारुण्यात अलका नावाची एक दासीची मुलगी येते. तिचे आणि राजपुत्राचे प्रेम राजवाड्याला परवडण्यासारखे नसते, आणि त्याची किंमत म्हणून तिला विष मिळते. राजपुत्राला मिळते ते दुःख. आणि पुढे ते दुःख विसरण्यासाठी दुसरे सुख. सुखाची पहिलीच उधारी एका दासीच्या नावावर मांडली गेली आणि तिने ती जीव देऊन चुकती केली. कादंबरीचे सारे मर्म मला ह्या आरंभीच्या प्रसंगात दिसते. पुढे माणसे बदलतात. हिशेबाची पद्धत तीच राहते.

ययातीच्या समोर खांडेकरांनी दोन विरक्त माणसे उभी केली आहेत. एक त्याचा थोरला भाऊ यति. तो सर्व सुखांकडे पाठ फिरवून अरण्यात गेला. पण त्याचे वैराग्य स्त्रीद्वेषाने कुजले आहे, आणि सिद्धीची हाव हीही शेवटी हावच. सुख सोडले की माणूस आपोआप नीतिमान होतो, हा समज खांडेकरांनी यतीच्या रूपाने मोडीत काढला, हे त्यांचे मोठेपण. दुसरा कच. संयमी, निर्मळ, विश्वाच्या दुःखाची चिंता वाहणारा. लेखकाचा आदर्श तो आहे, ह्यात शंका ठेवायला जागा नाही. कारण शंका येण्यापूर्वीच कच बोलू लागतो.

इथे ह्या कादंबरीचा एक दोष सांगणे भाग आहे. खांडेकर १९२० ते १९३८ ह्या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. धडा संपला की तात्पर्य फळ्यावर लिहावयाचे, ही आम्हा मास्तरांची जुनी खोड. ती हाडात इतकी मुरते, की कादंबरी लिहितानाही हातातला खडू सुटत नाही. कचाच्या बोलण्यात तो खडू वारंवार दिसतो. सुंदर उपमांची रांग लागते, एकेक वाक्य वहीत उतरवून घ्यावे असे असते. आणि तरीही मन हलत नाही. कचाला कशाचा मोह झाला, त्याने तो कोणत्या रात्री कसा आवरला, हे आपण पुरेसे भोगलेले नसते. न. सी. फडके आणि खांडेकर ह्यांच्यातला 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा वाद एका पिढीने चवीने ऐकला. त्या वादात मी खांडेकरांच्या बाजूचा आहे. परंतु जीवनासाठी कला हवी असेल, तर जीवनाला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. खांडेकरांनी सुखाला वकील दिला नाही.

आणि ह्यातूनच दुसरा दोष निघतो. ह्या कादंबरीतले ययातीचे सुख फार अरुंद आहे. मद्य, स्त्री, पुन्हा मद्य, पुन्हा स्त्री. महाभारतातला ययाति असा नाही. पुत्राचे तारुण्य घेतल्यावर तो यज्ञ करतो, अतिथींना जेवू घालतो, दीनांना साहाय्य करतो, प्रजेचे पालन करतो, आणि ह्या सगळ्यासह विषयसुख घेतो. व्यासांनी त्याच्या सुखाला असा पूर्ण मान दिला आहे. म्हणूनच तिथला प्रश्न अधिक अवघड होतो : सुख इतके सभ्य, इतके धर्मसंमत असेल, तर मग चुकले कुठे? खांडेकरांचा ययाति मदिरेच्या पेल्यासह समोर येतो तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण आपण काही तसे नाही. व्यासांचा ययाति आपल्याला असे सुटू देत नाही.

मग ह्या कादंबरीत सुखाची बाजू कोणीच मांडत नाही काय? मांडते, आणि ती शर्मिष्ठा मांडते. ती राजकन्या होती. एका वस्त्रावरून झालेल्या भांडणापायी देवयानीची दासी झाली. ययातीचे प्रेम तिला चोरून मिळाले आणि त्यापायी पुढे मूल घेऊन वणवण वाट्याला आली. शर्मिष्ठा काही वैरागिणी नाही. तिने देहाचे सुख मनापासून घेतले आहे, आणि खांडेकरांनीही तिच्या त्या सुखावर कुठे डाग पडू दिलेला नाही. का? कारण तिच्या सुखाची किंमत तिने स्वतः मोजली. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर चढवली नाही. कचाची सगळी प्रवचने एका पारड्यात टाकली, तरी शर्मिष्ठेचे मुकाट चालणे जड भरेल. लेखकाने आदर्श म्हणून कचाकडे बोट दाखवले. त्याच्या लेखणीने मात्र उत्तर शर्मिष्ठेच्या पदरात टाकले. चांगल्या कादंबरीकाराच्या हातून असे होते, आणि त्यात त्याचा गौरवच आहे.

आता कथेच्या कळसाकडे येऊ. शुक्राचार्यांच्या शापाने ययाति अकाली वृद्ध होतो. कोणी आपल्या रक्ताच्या माणसाने वार्धक्य घेतले तर तारुण्य परत मिळेल, हा उःशाप. शर्मिष्ठेचा मुलगा पुरू पुढे येतो. वर्गात ही गोष्ट सांगितली, की एखादे तरी पोर हटकून विचारते, "मग पुरूचे काय झाले?" मोठ्या माणसांच्या सभेत हा प्रश्न सहसा येत नाही. मोठी माणसे विचारतात, ययातीची तृप्ती झाली का? मुले बरोबर त्या रकान्यावर बोट ठेवतात जो मोठ्यांनी झाकून ठेवलेला असतो.

कोणी म्हणेल, पुरूने आपण होऊन दिले. मग तक्रार कसली? महाभारत ह्याचेही उत्तर देऊन ठेवते. तिथे ययाति पाच मुलांना एकामागून एक विचारतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात, आणि प्रत्येक नकाराला शाप मिळतो. चौघे भाऊ शापित झालेले डोळ्यांसमोर असताना पाचव्याने 'हो' म्हटले, तर त्या होकाराला राजीखुशी कितपत म्हणावे? समोर बाप आहे, तोच राजा आहे, आणि शाप त्याच्या ओठांवर आहे. घराघरांतले कितीतरी होकार असेच असतात. सुनेचा होकार, धाकट्या भावाचा होकार, शिक्षण सोडून दुकानात बसलेल्या मुलीचा होकार. 'तिला कुठे हरकत होती?' असे म्हणून आपण ती नोंद स्वखुशीच्या खात्यात लिहून टाकतो.

खांडेकरांच्या ययातीला मुलाचे तारुण्य घेताच थोड्याच वेळात आपल्या कृत्याची जाणीव होते, आणि कचाच्या तपाच्या बळावर पुरूला त्याचे तारुण्य परत मिळते. लेखकाच्या दयाळू मनाला हे शोभते. परंतु कादंबरीला ह्यामुळे बाध आला, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. व्यासांचा ययाति हजार वर्षे ते तारुण्य वापरतो. पुरू तेवढा काळ म्हातारपण वाहतो. खांडेकरांनी उधारी लिहून घेतली आणि वसुलीचा दिवस येण्याआधीच पान फाडून टाकले. हे पान जपून ठेवले ते गिरीश कर्नाड ह्यांनी. माथेरानला जन्मलेल्या ह्या लेखकाचे कन्नड नाटक 'ययाति' १९६१ साली, म्हणजे खांडेकरांच्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी आले. कर्नाडांनी पुरूला चित्रलेखा नावाची बायको दिली. नवरा एकाएकी म्हातारा झालेला पाहून ती सासऱ्याला जाब विचारते आणि शेवटी प्राण देते. पुरूने त्यागाची सही केली, पण त्या सहीने दुसऱ्याच एका बाईचे आयुष्य गहाण पडले होते, आणि तिला कोणी विचारलेच नव्हते. एका उधारीला किती जामीन गुंततात, हे कर्नाडांनी दाखवले.

महाभारतातली ययातीची गोष्ट ह्यापुढेही चालते, आणि तो भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. ययाति स्वर्गात जातो, आपल्या पुण्याचा गर्व करतो आणि तिथून खाली ढकलला जातो. पडताना त्याचे नातू भेटतात. आजोबांना वाचवण्यासाठी ते आपापले पुण्य देऊ करतात. आदिपर्वातला ययाति ते घ्यायला नकार देतो. जे माझ्या कर्माचे नाही ते मी घेणार नाही, अशी त्याची भूमिका असते. ज्याने मुलाचे तारुण्य मागून घेतले, तोच आता नातवंडांचे पुण्य नाकारतो! माझ्या मते ययातीच्या कथेचा खरा शेवट हा आहे. वासना शमली की नाही, हे तिथे कोणी विचारीत नाही. दुसऱ्याच्या खात्यावर जगण्याची सवय सुटली, एवढे मात्र दिसते.

ह्या कसोटीवर घासून पाहिले, तर सुखवादी म्हणून बदनाम झालेल्या मंडळींची बाजूही थोडी निराळी दिसू लागते. चार्वाक म्हटले की कर्ज काढून तूप पिण्याचा उपदेश आठवतो. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त हे वचन येते. गंमत अशी, की त्याच प्रकरणाच्या आरंभी तेच वचन दुसऱ्या रूपात आहे, आणि त्यात तूप नाही नि कर्जही नाही. जगाल तोवर सुखाने जगा, मृत्यू कोणाला चुकलेला नाही, एवढाच त्याचा आशय. चार्वाकांचा मूळ सूत्रग्रंथ आज आपल्यापाशी नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते बहुतेक त्यांच्या विरोधकांकडून. तरीही ही दोन वचने शेजारी ठेवली, की त्यांच्यातले सगळे अंतर 'कर्ज' ह्या एका शब्दाचे आहे हे ध्यानात येते. सुखाने जगा ह्यात अनीती नाही. अनीती शिरते ती उधारीच्या दाराने.

ग्रीसमधल्या एपिक्युरसचेही तसेच. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस अथेन्सला त्याने आपली शाळा काढली. सुख हेच आयुष्याचे साध्य, असे तो उघडपणे सांगे. आज चैनी माणसाला त्याचे नाव चिकटवतात. पण हा मनुष्य भाकरी आणि पाण्यावर खूश असे, आणि मेजवानी करावीशी वाटली तर मित्राला पत्र लिहून थोडेसे चीज मागवी. त्याच्या शाळेत स्त्रिया येत, गुलामही येत. आणि ती शाळा भरे एका बागेत. आमच्या वसईच्या बोलीत सांगायचे, तर वाडीत.

वाडीचा उल्लेख आलाच आहे, तर दोन शब्द आमच्या मुलखाविषयी. पापडीच्या आसपासच्या वाड्यांतून केळी, पानवेली, भाजी आणि फुले पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली. मुंबईच्या देवघरांतला सुगंध आणि लग्नांतल्या वेण्या ह्यांत वसईचा वाटा मोठा. ह्या सुखामागे विहीर होती, रहाट होता आणि बावखल होते. बावखल म्हणजे वाडीतले ते पाण्याचे डबके-तळे, जे पावसाचे पाणी धरून ठेवी आणि आजूबाजूच्या विहिरींना गोड ठेवी. ते खणले आजोबांनी आणि त्यातून प्याले नातू. पुढे काळ पालटला. बावखले बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, विहिरींचे पाणी टँकरांत भरून विकले जाऊ लागले, आणि कित्येक विहिरी मचूळ झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती ह्याच दुखण्यातून. तिच्या राजकारणात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण पाणी विकून आलेल्या पैशाने ज्यांनी चैन केली, ती चैन त्यांनी कोणाच्या वर्षांतून घेतली, हे सांगायला ज्योतिषी नको. पुरू अजून पाळण्यात होता. त्याचा होकारही कोणी विचारला नाही.

म्हणूनच 'ययाति'च्या वाचनाविषयी आपल्याकडे रूढ झालेली एक रीत मला उलटी वाटते. ही कादंबरी आपण तरुणांना देतो. बक्षीससमारंभात देतो, वाढदिवसाला देतो. आणि देताना चेहरा असा करतो, की बाळा, भोगाच्या नादी लागू नकोस. गोष्टीकडे नीट पाहा. ह्या गोष्टीत भोगाच्या नादी लागलेला तरुण कोणता? पुरू तर नव्हे. तो विशीच्या आत आपले सर्वस्व देऊन बसला आहे. सुखामागे धावून दुसऱ्याचे आयुष्य वापरणारा इथे बाप आहे. वयात आलेल्या मुलांचा, घरदार असलेला, समाजात मान असलेला बाप. खांडेकरांनी स्वतःच आपल्या ययातीला आजच्या सामान्य माणसाचा प्रतिनिधी म्हटले आहे : नाना सुखे मिळूनही असंतुष्ट राहणारा, आणि नव्या सुखामागे आंधळेपणाने धावणारा. हे वर्णन वाचून चाळिशी ओलांडलेल्या वाचकाने आधी आपला आरसा पाहावा. ही कादंबरी आम्हा बापांच्या, काकांच्या, मास्तरांच्या उशाशी असायला हवी. मुलाने आपले अपुरे राहिलेले स्वप्न पुरे करावे म्हणून त्याच्या बालपणावर जप्ती आणणारे, म्हातारपणी सेवा व्हावी म्हणून मुलीचे लग्न लांबवणारे, आज मौज व्हावी म्हणून उद्याची विहीर उपसणारे जे जे कोणी आहेत, ते ह्या कादंबरीचे खरे वाचक.

दोष दाखवूनही 'ययाति' हे पुस्तक मोठे आहे, असेच मी म्हणेन. सहा दशकांहून अधिक काळ लोक तिच्याशी भांडतात, तिच्यातली माणसे घरातल्यासारखी ओळखतात, आणि देवयानीची बाजू घेऊन बायका नवऱ्यांशी वाद घालतात. भाषा थोडी नटवी आहे, कच थोडा जास्त बोलतो, शेवट थोडा लवकर क्षमा करतो. ह्या तिन्ही गोष्टी मान्य केल्यावरही अलकेचा मृत्यू आणि शर्मिष्ठेची वणवण मनातून जात नाही. तात्पर्य विसरले तरी चालेल, ही दोन माणसे विसरता कामा नयेत.

फराळाचे ताट शेजारी झाकून पाठवायची आपली रीत आहे. पापडीत ते ताट दिवाळीला ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते आणि नाताळात भरून परत येते. ह्या सुखाला कोणता यति नावे ठेवील? ते ज्याच्या घरचे, त्याच्याच चुलीवर तळलेले असते, आणि खाणाऱ्याच्या अंगावर त्याचा बोजा राहत नाही. अशी सुखे खुशाल घ्यावीत, वाढवावीत, मुलांना शिकवावीत. पाडव्याला नवी चोपडी उघडताना मात्र जुनीची मागची दोन पाने एकदा चाळून पाहावीत. एखाद्या ओळीत आपले सुख आणि समोर कोणा पुरूचे नाव लिहिलेले आढळले, तर त्याचे देणे आपल्या हयातीतच फेडावे.